मोठ्या जहाजातून कॅरिबियन क्रूझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनाव्हेरल किंवा गॅल्व्हेस्टनहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझविषयी अमेरिकेतील मराठी कुटुंबे, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आलेले आई-वडील आणि थेट भारतातून जाणारे प्रवासी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती लिहिताना मुख्यतः भारतीय पासपोर्ट असलेला प्रवासी डोळ्यांसमोर आहे. दर आणि प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी दोन्ही एकदा पडताळून घ्यावेत.

मोठे जहाज म्हणजे नेमके किती मोठे?

रॉयल कॅरिबियन कंपनीचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ जानेवारी २०२४मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघाले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे प्रवासी जहाज होते. फिनलंडमधील तुर्कू येथे बांधलेल्या या जहाजाची लांबी सुमारे ३६५ मीटर असून त्याचे ग्रॉस टनेज, म्हणजे आतील एकूण जागेचे माप, अडीच लाखांच्या जवळ जाते. त्यावर वीस डेक, सात पोहण्याचे तलाव आणि सहा पाण्याच्या घसरगुंड्या आहेत. प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरले तर ५,६१० आणि सगळ्या खाटा भरल्या तर सुमारे ७,६०० प्रवासी त्यावर मावतात. शिवाय २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे जवळपास दहा हजार माणसांचे एक गावच समुद्रावर तरंगत असते. त्याच घडणीचे ‘स्टार ऑफ द सीज’ ऑगस्ट २०२५पासून पोर्ट कॅनाव्हेरलहून सुटते. मात्र या मार्गावरची सगळीच जहाजे इतकी प्रचंड नसतात. तीन-चार हजार प्रवाशांची अनेक जहाजे येथे धावतात आणि ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांच्यासाठी तीच अधिक सोयीची आहेत.

आम्हाला कॅरिबियन बेटे पाहायची आहेत. त्यासाठी असे जहाज योग्य आहे का?

खरे सांगायचे तर, बेटे पाहणे हाच मुख्य हेतू असेल, तर नाही. सात रात्रींच्या सफरीत साधारण तीन किंवा चार थांबे असतात, प्रत्येक थांबा सात ते दहा तासांचा असतो आणि त्यातील एक बहुधा कंपनीचे स्वतःचे खासगी बेट असते. बहामातील ‘कोकोके’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे किनारा, जेवण आणि तलाव सगळे उत्तम असते, पण बहामाच्या लोकजीवनाशी त्याचा फारसा संबंध नसतो. उरलेले दिवस पूर्णपणे समुद्रावर जातात. मोठ्या जहाजाच्या सहलीत जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते आणि बेटे ही जोडीला मिळतात, हे आधीच ठरवून गेलेला प्रवासी सहसा समाधानाने परततो. आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले अशा तीन पिढ्या एकत्र निघाल्या असतील, तर मात्र याहून सोयीची सहल शोधणे कठीण आहे. रोज सामान बांधावे लागत नाही, स्वयंपाक करावा लागत नाही, प्रत्येकाला दिवसभर आपल्या आवडीचे काही ना काही सापडते आणि रात्रीच्या जेवणाला सगळे एका टेबलावर येतात.

पूर्व, पश्चिम आणि दक्षिण कॅरिबियन यांतला कोणता मार्ग निवडावा?

पूर्वेच्या मार्गावर सेंट थॉमस, सेंट मार्टिन आणि प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआन ही ठिकाणे येतात. सान हुआनच्या जुन्या शहरात धक्क्यापासून चालत जाता येते आणि समुद्राच्या तोंडावर उभा असलेला एल मोरो हा स्पॅनिश किल्ला पाहता येतो. जंजिरा किंवा सिंधुदुर्ग पाहिलेल्या माणसाला त्याच्या तटबंदीवरून फिरताना खास मजा येईल. सेंट मार्टिन बेटाचा एक भाग डच, तर दुसरा फ्रेंच आहे. तेथील माहो किनाऱ्यावर विमाने अक्षरशः डोक्यावरून उतरतात.

पश्चिमेच्या मार्गावर मेक्सिकोतील कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासचे रोआतान आणि बेलीझ ही बंदरे असतात. माया संस्कृतीचे अवशेष आणि पाण्याखालचे प्रवाळ ज्यांना पाहायचे आहेत त्यांनी हाच मार्ग घ्यावा. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही, त्यामुळे जहाज दूर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. धक्का बांधण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनी एप्रिल २०२५च्या सार्वमतात फेटाळला. म्हणूनच सर्वांत मोठी जहाजे तेथे जात नाहीत.

दक्षिणेचा मार्ग, म्हणजे अरुबा, कुरसाव, बार्बाडोस वगैरे, फ्लोरिडापासून लांब पडतो आणि त्याच्या अनेक सफरी सान हुआनहून सुरू होतात. क्रिकेटवेड्या कुटुंबांचा ओढा साहजिकच बार्बाडोसकडे असतो. २९ जून २०२४ रोजी भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला ते केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाउनच्या बंदरापासून जवळच आहे. १९७१मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमधला पहिला कसोटी विजय मिळवला ते त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन मात्र या मोठ्या जहाजांच्या नेहमीच्या मार्गावर नाही. गावसकरांच्या ७७४ आणि मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावांच्या त्या मालिकेचे स्मरण करायचे असेल, तर त्रिनिदादला विमानाने जावे लागेल.

भारतीय पासपोर्टवर कोणता व्हिसा लागतो?

सर्वाधिक लोक याच प्रश्नावर अडकतात, म्हणून हे उत्तर सावकाश वाचावे. जहाज अमेरिकेतून सुटून अमेरिकेतच परत येत असले, तरी वाटेत ते परदेशी बंदराला लागतेच. १८८६च्या एका अमेरिकन कायद्यानुसार परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला केवळ अमेरिकन बंदरांमध्ये प्रवाशांची ने-आण करता येत नाही, आणि ही बहुतेक जहाजे बहामा किंवा पनामाच्या झेंड्याखाली चालतात. त्यामुळे क्रूझला जाणे म्हणजे अमेरिका सोडणे आणि पुन्हा प्रवेश करणे, असेच धरावे. जन्मदाखला आणि ओळखपत्रावर क्रूझ करता येते असे जे ऐकू येते, ते अमेरिकन नागरिकांपुरते खरे आहे.

भारतातून जाणाऱ्या प्रवाशाकडे एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा अमेरिकन व्हिसा हवा. अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४वर (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) राहणाऱ्यांच्या पासपोर्टवरील व्हिसाचा शिक्का परतीच्या दिवशी वैध असला पाहिजे. केवळ आय-७९७ हे मंजुरीपत्र पुरेसे नाही. शिक्का संपला असताना तीस दिवसांच्या आत परत येण्याची जी सवलत आहे, ती एच-१बीधारकांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती मिळते, कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही. एफ आणि जे व्हिसावरील विद्यार्थी व संशोधकांना मात्र क्यूबा सोडून इतर शेजारी बेटांनाही ती लागू होते. दोघांच्या नियमांतील हा फरक अनेकांना ठाऊक नसतो आणि विद्यार्थी मित्राचा अनुभव ऐकून नोकरदार माणूस तिकीट काढून बसतो. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असलेल्यांनी अ‍ॅडव्हान्स पॅरोलविषयी, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याच्या आगाऊ परवानगीविषयी, वकिलाशी बोलल्याशिवाय निघू नये.

अमेरिकन व्हिसाखेरीज प्रत्येक थांब्याचा नियमही पाहावा लागतो. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही आणि बार्बाडोस व जमैका भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश देतात. मार्टिनिक आणि ग्वादलूप ही फ्रान्सची बेटे असली, तरी ती शेंगेन क्षेत्रात मोडत नाहीत, त्यामुळे युरोपचा नेहमीचा व्हिसा तेथे चालेल असे गृहीत धरू नये. आपल्या मार्गावरील बंदरांची नावे देऊन जहाज कंपनीकडून उत्तर लेखी घ्यावे. कागद अपुरे असले तर प्रवाशाला धक्क्यावरूनच परत पाठवले जाते आणि भाडे मिळत नाही.

आई-वडिलांना क्रूझला नेले तर त्यांचा सहा महिन्यांचा मुक्काम नव्याने सुरू होतो का?

तसे गृहीत धरू नये. शेजारच्या बेटांवरील छोट्या सहलीनंतर परत येणाऱ्याला अधिकारी पूर्वीच्याच मुदतीवर प्रवेश देऊ शकतात. परतल्यानंतर आय-९४ ही प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद ऑनलाइन तपासून तिच्यावरील तारीख पाळावी.

कोणत्या महिन्यांत जावे? वादळांची भीती किती?

अटलांटिकमधील चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि जुन्या नोंदींनुसार त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास असतो. या काळात भाडे उतरते, कारण धोका प्रवाशानेही काही अंशी पत्करलेला असतो. जहाज वादळात शिरत नाही, ते मार्ग बदलते. त्यामुळे जिवाला घोर लावण्याचे कारण नाही, पण सेंट थॉमसचे तिकीट काढून कोझुमेलला पोहोचण्याची मनाची तयारी ठेवावी लागते. तिकिटाच्या करारातच कंपनीला हा अधिकार दिलेला असतो. रद्द झालेल्या बंदराचे शुल्क परत मिळते, भाडे मिळत नाही. अरुबा, बोनेर आणि कुरसाव ही बेटे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला असल्यामुळे शरद ऋतूत तुलनेने सुरक्षित मानली जातात. हवेच्या दृष्टीने डिसेंबर ते एप्रिल उत्तम. त्यातही नाताळ आणि मार्चमधील शाळांच्या सुट्ट्या टाळल्या, तर गर्दी आणि खर्च दोन्ही कमी होतात.

एकूण खर्च किती धरावा?

जाहिरातीतील भाडे एका केबिनमध्ये दोघे राहणार असे धरून माणशी सांगितलेले असते. एकट्याने जाणाऱ्याला बहुतेक वेळा जवळजवळ दोघांचे भाडे भरावे लागते. त्यावर कर आणि बंदर शुल्क येते. मग कर्मचाऱ्यांची टीप येते. ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर असते, मोठ्या, आलिशान ‘स्वीट’ केबिनमध्ये त्याहून जास्त असते आणि लहान मुलांनाही बहुधा लागू होते. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींत नुसत्या टिपेचे पाचशे डॉलरांच्या आसपास होतात. ही टीप कापून टाकण्याचा सल्ला काही प्रवासी हौसेने देतात, तो ऐकू नये. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून काम करणाऱ्या माणसाच्या मिळकतीचा तो भाग असतो.

दारूच्या पॅकेजविषयी दोनदा विचार करावा. काही कंपन्यांत केबिनमधील एका प्रौढाने ते घेतले, तर दुसऱ्या प्रौढालाही घ्यावेच लागते. पाणी, साधी कॉफी, चहा, लिंबू सरबत यांना वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे न पिणाऱ्या कुटुंबाला पॅकेजची गरजच नसते. याशिवाय इंटरनेट, विशेष उपाहारगृहे, फोटो, स्पा आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या असतात. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळे केबिनच्या कार्डावर चढते, आणि म्हणूनच हिशेब रोज पाहिलेला बरा.

केबिन कोणती घ्यावी?

खिडकी नसलेली आतली केबिन सर्वांत स्वस्त असते आणि दिवसभर बाहेर हिंडणाऱ्यांना ती पुरते. बाल्कनीचे पैसे समुद्रावर घालवायच्या दिवसांत वसूल होतात. मोठ्या जहाजांत काही बाल्कन्या समुद्राकडे नसून जहाजाच्या आतल्या बागेकडे किंवा चौकाकडे उघडतात, तेव्हा नकाशा नीट पाहावा. नृत्यगृह, तलाव किंवा स्वयंपाकघराच्या नेमक्या वरची-खालची खोली टाळावी.

बोट लागते का?

इतक्या मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंनी पाण्याखाली पंखांसारखे स्थिरक असतात, त्यामुळे शांत समुद्रात हालचाल जाणवतही नाही. तरी ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांनी खालच्या डेकवरची, जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची केबिन घ्यावी. तेथे डोलणे सर्वांत कमी असते. अमेरिकेत मेक्लिझिन आणि भारतात प्रोमेथाझिन ही औषधे यासाठी वापरली जातात. दोन्हींनी झोप येते, म्हणून वयस्करांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. सोबत आलेपाकाच्या वड्या असाव्यात.

शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय होते का? घरून खाणे नेता येते का?

शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. बुफेत भात, डाळ किंवा एखादी भारतीय भाजी बहुधा असते आणि मुख्य भोजनगृहात पहिल्याच रात्री वाढप्याला सांगून ठेवले, तर दुसऱ्या दिवसापासून वेगळा भारतीय पदार्थ करून आणतात. या जहाजांवर भारतीय कर्मचारी बरेच असतात. गोव्यातून तर पिढ्यान्‌पिढ्या लोक बोटीवर नोकरीला जातात, कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात. स्वयंपाकघरात किंवा वाढप्यांत असा कोणी भेटला आणि आपण कोकणी-मराठीत दोन शब्द बोललो, तर पुढचा आठवडा जेवणाची काळजी उरत नाही. मात्र तेथील शाकाहारात अंडे धरलेले असू शकते आणि भाज्यांच्या सूपमध्ये कोंबडीचा अर्क असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी स्पष्ट विचारावे. कांदा-लसूण आणि कंदमुळे न खाणाऱ्यांनी आरक्षण करतानाच कंपनीला कळवावे. आयत्या वेळी ही सोय होणे अवघड असते.

घरी केलेला चिवडा, लाडू, थेपले बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. कंपनीच्या मोहोरबंद पाकिटातील कोरडा खाऊ चालतो. विजेची किटली, राइस कुकर, इस्त्री आणि एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या भीतीने जप्त होतात. उकळलेल्या चहाची सवय असलेल्यांनी तयार चहाची पाकिटे न्यावीत, गरम पाणी बुफेत चोवीस तास मिळते. जहाजावरचे फळ किंवा सँडविच मात्र बंदरावर घेऊन उतरू नये, त्याला बेटांच्या शेती खात्याची मनाई असते.

कपडे आणि इतर सामान काय न्यावे?

सात रात्रींत एक-दोन संध्याकाळी ठेवणीतले कपडे घालायचे असतात. साडी, कुर्ता, बंदगळा सगळे चालते आणि उठूनही दिसते. पोहण्याच्या तलावात सुती कपडे चालत नाहीत, तेव्हा अंगभर झाकणारा का असेना, पण पोहण्याचाच पोशाख न्यावा. लष्करी छाप्याचे हिरवे-तपकिरी कपडे घरीच ठेवावेत, कारण बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया यांसारख्या अनेक बेटांवर सामान्य नागरिकांनी ते घालणे हा गुन्हा आहे आणि हा नियम लहान मुलांच्या पँटलाही लागू होतो. प्रवाळांना घातक ठरणारी ऑक्सिबेन्झोनयुक्त सनस्क्रीन अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२०पासून बंद आहे, तेथे झिंक ऑक्साइडची लागते.

मोबाईल चालतो का?

जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाकावा. समुद्रावरचे मोबाईल नेटवर्क नेहमीच्या रोमिंग योजनेत बहुधा येत नाही आणि अनवधानाने मोठे बिल येते. जहाजाचे वायफाय विकत घ्यावे लागते. अलीकडे बऱ्याच जहाजांवर स्टारलिंकचे उपग्रहावरून चालणारे इंटरनेट आल्यामुळे व्हिडिओ कॉलही नीट होतात.

बंदरावर स्वतः फिरावे की जहाजाची सहल घ्यावी?

ज्या बंदरात पाहण्याजोगे सगळे धक्क्याजवळ आहे, तेथे स्वतः फिरावे. सान हुआनला मार्गदर्शकाची सक्ती नाही. लांबचे ठिकाण, म्हणजे कोस्टा मायाहून चाकचोबेनचे अवशेष किंवा कोझुमेलहून फेरी बोटीने मुख्य भूमीवर जाऊन तुलुम पाहणे, यासाठी जहाजाची महाग सहलच घ्यावी. कारण सहलीची बस अडकली तर जहाज थांबते. स्वतःच्या टॅक्सीत अडकलेल्यासाठी थांबत नाही. मागे राहिलेल्याला पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावे लागते.

येथे घड्याळाचा एक घोळ होतो. बरीच जहाजे पूर्ण सफरीत मायामीचीच वेळ पाळतात. उन्हाळ्यात कोझुमेलची स्थानिक वेळ मायामीच्या एक तास मागे असते, म्हणजे किनाऱ्यावरच्या घड्याळात चार वाजले असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. मोबाईल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, म्हणून साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून हातात ठेवावे. परतण्याची वेळ जहाजावरून उतरताना फलकावर लिहिलेली असते, तिचा फोटो काढून ठेवावा.

लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि ज्येष्ठ यांच्यासाठी काय नियम आहेत?

बाळ किमान सहा महिन्यांचे असावे लागते. सलग अनेक दिवस समुद्रावर असणाऱ्या सफरींना ही अट एक वर्षाची असते. गरोदर स्त्रीला चोविसाव्या आठवड्यात प्रवेश केल्यावर चढू देत नाहीत. ज्येष्ठांसाठी चाकांची खुर्ची चढण्या-उतरण्यापुरती मिळते, आठवडाभर हवी असल्यास भाड्याने घ्यावी. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण त्यांचे बिल मोठे येते आणि आरोग्य विमा ते प्रत्येक वेळी देतोच असे नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी घेतलेला अमेरिकेपुरता विमा समुद्रावर लागू होतो का, हे विचारून ठेवावे. समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च भरून देणारा प्रवास विमा साठीपुढच्या माणसाने टाळूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजार पसरण्याच्या बातम्या येतात, त्याचे काय?

बहुतेक वेळा तो उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस असतो. सॅनिटायझर त्याच्यापुढे फारसे उपयोगी पडत नाही, साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात. अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था सीडीसी या जहाजांची अचानक तपासणी करून शंभरपैकी गुण देते आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर जहाज नापास ठरते. आपल्या जहाजाचे गुण तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात.

पहिल्या आणि शेवटच्या दिवशी काय काळजी घ्यावी?

बंदराच्या शहरात एक दिवस आधी पोहोचावे, कारण विमान चुकले म्हणून जहाज थांबत नाही. चढताना मोठ्या बॅगा हमालाकडे द्याव्या लागतात आणि त्या संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये येतात, म्हणून पासपोर्ट, औषधे आणि पोहण्याचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत असावेत. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षा सूचना ऐकून आपल्या ठरलेल्या जागी हजेरी लावणे सक्तीचे असते. २०१२मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाल्यानंतर हा नियम जगभर कडक झाला. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा मुलांनाही समजावून द्यावा.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात. सकाळी घालायचे कपडे चुकूनही त्यांत भरू नयेत. जहाज पहाटे धक्क्याला लागते, पण हजारो माणसे इमिग्रेशनमधून जायची असल्यामुळे परतीचे विमान दुपारी बारानंतरचेच घ्यावे. मायामीहून सुटत असेल तर अकरा चालेल, पण पोर्ट कॅनाव्हेरलहून ऑर्लँडो विमानतळ गाडीने पाऊण-एक तासाच्या अंतरावर आहे.